न मिळालेल्या आकड्याची जागा रिकामी ठेवा

तुमच्यापैकी काहीजणांनी ब्राउझरमध्ये चालणारा एखादा छोटा प्रोग्रॅम लिहिला असेल. दूरच्या सर्व्हरकडून माहिती मागवायची व ती पडद्यावर मांडायची, हा त्यातला आता नेहमीचा धडा झाला आहे. परंतु माहिती आणावी कशी, एवढे सांगून बहुधा हा धडा संपतो. ती आली नाही, अर्धवट आली किंवा उशिरा आली, तर पडद्यावर काय लिहावे? माझ्या मते खरे शिक्षण येथून पुढे सुरू होते.

ए.पी.आय. म्हणजे काय, ते आधी पाहू. पेणजवळ रामवाडीला एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. रोह्याची गाडी केव्हा आहे हे कळण्यासाठी तुम्ही त्या कार्यालयात शिरून रजिस्टरे चाळत नाही. कोणत्याही स्थानकावर चौकशीची खिडकी असते. तेथे ठिकाण सांगायचे, दिवस सांगायचा, आणि उत्तराची वाट पाहायची. आतला कारभार कसा चालतो याच्याशी तुमचा संबंध नाही. ए.पी.आय. ही अशीच सर्व्हरची खिडकी आहे. प्रश्न ठरलेल्या पद्धतीने विचारावा लागतो आणि उत्तरही ठरलेल्या साच्यात, साध्या मजकुराच्या रूपात येते. ते येईपर्यंत तुमचे पान गोठून राहू नये, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये ‘अवेट’ची सोय केलेली आहे.

येथे एक गंमत लक्षात ठेवा. ‘फेच’ हा आदेश केवळ उत्तर आले की समाधान मानतो. “अशी गाडीच नाही”, हेही एक उत्तरच असते! सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असा नकाराचा क्रमांक पाठवला तरी ‘फेच’च्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते. नकार ओळखण्याची जबाबदारी तुमची. पुष्कळ प्रोग्रॅम ही तपासणी करीत नाहीत, आणि मग नकाराच्या मजकुरातच आकडे शोधत बसतात.

आता सरावासाठी माहिती कोणती घ्यावी? शिकवण्यांमध्ये मांजरांची चित्रे किंवा काल्पनिक दुकानातील काल्पनिक वस्तू मागवतात. ते मला निरर्थक वाटते. आपल्या रायगड जिल्ह्यात, रामवाडीहून वडखळमार्गे गेले की अलिबागला, एक जगप्रसिद्ध चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली व तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेचा प्रवाह म्हणजे चुंबकत्व आलेच. त्यामुळे सूक्ष्म मोजणी बिघडली असती. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. मूस यांनी १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणची मोजणी समांतर चालू ठेवली, म्हणजे जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा जुळला. ट्राम धावली ती १९०७ साली. तयारी असावी तर अशी!

इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात अलिबागचा समावेश असून ‘ए.बी.जी.’ हे तिचे संकेताक्षर आहे. हे अक्षर, तारीख व साचा सांगितला की त्या जाळ्याच्या सेवेकडून दर मिनिटाचे आकडे मागता येतात. अलिबागला एकूण चुंबकीय क्षेत्र ४३ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते. मोठे चुंबकीय वादळ आले, तर त्यात काहीशे नॅनोटेस्लांची घट होते. आपल्याला पाहायची आहे ती ही घट.

या आकड्यांचा ‘आयागा-२००२’ नावाचा एक साचा आहे. एखाद्या मिनिटाची मोजणी मिळाली नसेल, तर त्यात तेथे ९९९९९ असे लिहितात. ही मोजणी नव्हे, ‘येथे काही नाही’ अशी खूण आहे. ज्याने हे वाचले नाही, त्याचा प्रोग्रॅम ती मोजणी समजून आलेख काढतो. मग काय होते, त्याचा हिशेब करा. आलेखाची उंची दहा सेंटिमीटर धरली व ४३ हजारांपासून ९९,९९९ पर्यंतचा पल्ला तीत बसवला, तर ४०० नॅनोटेस्लांचे वादळ पाऊण मिलिमीटरही भरत नाही! एका न मिळालेल्या आकड्याने सबंध वादळ सपाट करून टाकले. त्याऐवजी शून्य घातले, तरी जवळपास तीच गत. आणि शेजारच्या आकड्यांवरून सरासरी काढून भरली, तर रेघ सुबक दिसते खरी, परंतु नेमक्या त्याच वेळी वादळाने मोठी बुडी घेतली असेल, तर ती पुसून जाते.

काही संगणकतज्ज्ञ म्हणतात की पडद्यावर रिकामी जागा दिसली की पाहणारा गोंधळतो. गोंधळू द्यावा. “गाडीचा अजून निरोप नाही”, असे सांगणारा नियंत्रक मला अंदाजाने वेळ ठोकून देणाऱ्यापेक्षा केव्हाही भला वाटतो. रेघ तेथे तोडा आणि खाली लिहा: माहिती मिळाली नाही.

या शिस्तीचे मोल किती, ते कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून कळते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर ज्वाला पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. कुलाब्याला वेध घेणारे लोक हाताने, वेळ टिपून, आकडे लिहीत होते. वादळ सुरू होताच ते अधिक वेळा मोजणी करू लागले. क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्यांनी नोंदवली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्याच वह्यांवरून त्या वादळाची तीव्रता आजमावली. त्यांत प्रत्येक आकड्यासमोर त्याची वेळ होती, म्हणून ते शक्य झाले.

वेळेवरून आठवले. इंटरमॅग्नेटचे आकडे जागतिक वेळेत असतात व आपली घड्याळे साडेपाच तास पुढे. शांत दिवशी दुपारच्या सुमारास, उंचावरील वातावरणातील विद्युतप्रवाहांमुळे, क्षितिजसमांतर घटकाला थोडा फुगवटा येतो. तुम्ही वेळ बदलून घेतली नाही, तर बाराचा फुगवटा सकाळी साडेसहाला दिसेल आणि सूर्य उगवताच माथ्यावर कसा आला, याचा विचार करीत तुम्ही बसाल. शिवाय हे आकडे आधी कच्चे व पुढे तपासून पक्के, अशा टप्प्यांनी प्रसिद्ध होतात. मिळालेला आकडा कोणत्या टप्प्यातला, हेही आलेखाखाली लिहायला हवे.

आणि एक सांगतो. मोजणी मिनिटाला एक असताना दर सेकंदाला सर्व्हरला विचारू नका. खिडकीपलीकडे कोणाचे तरी यंत्र राबत असते. एकदा आणलेला दिवस आपल्याकडे साठवून ठेवावा.

सुरुवात ऑक्टोबर २००३ च्या अखेरच्या मोठ्या वादळाने करून पाहा. प्रोग्रॅमचा पहिला भाग आलेख काढणारा असू नये. आलेल्या उत्तराचा क्रमांक तपासावा, मग १४४० मिनिटांपैकी किती मिनिटांचे आकडे आले व किती ठिकाणी ९९९९९ आहे, ते मोजून पडद्यावर लिहावे. सगळेच ९९९९९ निघाले, तर तेही लिहावे आणि दुसरा दिवस मागावा.