टाळ्या कापू नका

यवतमाळात गाण्याचा कान असलेली माणसं पुष्कळ आहेत. भजनाच्या फडात वाढलेले, पेटीवर बोटं फिरवणारे, जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या जपून ठेवणारे. अशा मंडळींना मी ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा ‘डेझर्ट रेन’ हा लाइव्ह अल्बम ऐकवतो, तेव्हा बऱ्याच जणांच्या कपाळावर पाच मिनिटांत आठी पडते. ही माणसं उथळ नाहीत, म्हणून त्यांचे आक्षेप आधी त्यांच्याच बाजूने मांडतो.

पहिला आक्षेप असा: लाइव्ह म्हणजे कच्चा माल. स्टुडिओत दहा वेळा गाऊन अकरावी बरी वेळ ठेवता येते. ती सोय असताना रस्त्यावर चुकतमाकत झालेलं गाणं लोकांपुढे ठेवायचंच कशाला? दुसरा: टाळ्या, शिट्ट्या, हाका यांचा गोंगाट गाण्यात घुसतो. तिसरा: हे धड काहीच नाही. तबला आहे पण मैफल नाही, गिटार आहे पण रॉक नाही, शब्द तर मोजकेच. चौथा आक्षेप सर्वांत धारदार: ‘लाइव्ह’ हा शिक्काच फसवा आहे, त्यातही मागाहून जोडकाम होतंच.

उत्तराआधी हा अल्बम कुठे जन्मला ते सांगायला हवं. नाटककार सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूरला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून दर १ जानेवारीला कलावंत त्यांच्या आठवणीसाठी जमतात. १९९७ सालच्या अशाच कार्यक्रमात, दिल्लीत मंडी हाऊसपाशी, उघड्यावर, ‘इंडियन ओशन’ वाजले. गिटारवर सुस्मित सेन, तबला आणि गाण्याला अशीम चक्रवर्ती, बेसवर राहुल राम, ड्रमवर अमित किलम. बँडचा पहिला अल्बम १९९३ चा. ‘डेझर्ट रेन’ हा दुसरा, आणि तो त्या थंडीतल्या वादनाचं ध्वनिमुद्रण आहे. ‘कंदिसा’ अल्बमने या बँडचं नाव देशभर पोचवलं ते २००० मध्ये, म्हणजे नंतर. हे लोक एकमेकांकडे कान लावून वाजवतात कसे, ते आधी कळलं या ध्वनिमुद्रणातून.

आता पहिला आक्षेप. कापूस जिनिंगमधून निघाला की रुई स्वच्छ होते. गाठ बांधायला, सूत कातायला तीच लागते, तिला कोणी नावं ठेवत नाही. पण रुईतून झाड उगवत नाही. झाड सरकीतून उगवतं, आणि सरकी जिनिंगमध्ये वेगळी काढलेली असते. स्टुडिओतलं गाणं रुईसारखं असतं. लाइव्ह ध्वनिमुद्रणात सरकी शिल्लक असते: लय कोणी आधी पकडली, कोण तिच्यामागून धावला, एक जण अडखळल्यावर दुसऱ्याने त्याला सावरलं कसं, हे सगळं ऐकू येतं. नव्या मुलाला वाजवायला शिकायचं असेल तर त्याने यातलं काय ऐकावं? मी म्हणेन, सरकीसकट ऐकावं. तयार गाण्यातून त्याला चाल मिळेल, पण चार माणसांनी मिळून चाल कशी उभी करायची ते मिळणार नाही. म्हणून ज्याला आपण ‘कच्चं’ म्हणतो, त्यातच पुढच्या पिकाचं बी असतं.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं मला खरोखर वाईट वाटतं. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ आपण घराघरांत ऐकली. तिच्यातलं प्रेक्षागृहाचं हसू काढून टाका आणि पुन्हा ऐका. वाक्यं तीच राहतील, पण पुलंनी हसू ओसरेपर्यंत धरलेला तो क्षणभराचा दम निरर्थक होईल. आपल्या बोरी अरबचे शंकर बडे घ्या. त्यांची वऱ्हाडी कविता छापून आली, पुस्तकं निघाली. पण ज्याने त्यांना मंचावर ऐकलं, ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग पाहिला, त्याला विचारा. कविता निम्मी त्यांच्या तोंडात असायची आणि निम्मी समोरच्या माणसांच्या हुंकारात.

आणि सर्वांत मोठा पुरावा गाडगेबाबांचा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. ते त्यांचं शेवटचं कीर्तन ठरलं. २० डिसेंबरला बाबा गेले. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं, म्हणून आज आपल्याला त्यांचा आवाज ऐकता येतो. त्यात बाबा नुसतं बोलत नाहीत. ते विचारतात आणि समोरचे लोक उत्तर देतात. उत्तर जोरात आलं नाही तर पुन्हा विचारतात. लोकांची उत्तरं ‘गोंगाट’ म्हणून पुसली तर काय उरेल? एका बाजूचे प्रश्न. गाडगेबाबांचं कीर्तन मात्र उरणार नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी मिळून होत असे. आपल्या वऱ्हाडाचा सर्वांत मोलाचा लाइव्ह अल्बम एका पोलीस ठाण्यात झाला, आणि त्यातला अर्धा आवाज नाव नसलेल्या श्रोत्यांचा आहे.

तिसरा आक्षेप ‘धड ना हे, धड ना ते’ असा. पण आपलं धड तरी कुठून आलं? भजनाची पेटी युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय सप्ताह उभा राहत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात खंजेरी घेतली, मराठीत गायलं, हिंदीत गायलं, देवाबरोबर गाव झाडण्याचं गायलं. भजनाच्या जुन्या चौकटीत ते नीट बसत नव्हतं, तरी गावांनी ते आपलं मानलं, कारण ते समोर बसून, सोबत म्हणून घेतलं. पांढरकवडा-झरीकडे कोलामांची दंडार पाहिलेल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. नाच, गाणं, सोंग, ढोल यांतलं एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, याची वाटणी तिथे कोणी मागत नाही.

राहिला शब्दांचा प्रश्न. या अल्बमवर ‘बोल वीव्हिल’ नावाची एक रचना आहे. बोल वीव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या कापसाच्या बोंडात शिरणारा सोंड्या किडा. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी वेगळी. तिने २०१७ च्या हंगामात यवतमाळच्या कापसाचं काय केलं ते शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांनी त्या किड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाणी म्हटली. ते नाव दिल्लीतल्या तबल्या-गिटारच्या रचनेवर येऊन बसलं, आणि ते कापसाच्या जिल्ह्यात बसून ऐकताना मला परकं वाटत नाही. ज्यांना शब्द कमी वाटतात त्यांनी अशीम चक्रवर्तींचा तबला आणि गळा एकदा सोबत ऐकावा. एकच माणूस दोन्ही सांभाळतो आहे. आपल्या फडात खंजेरीवर बोटं चालवत पुढचं कडवं उचलणारा बुवा हेच करतो.

चौथ्या आक्षेपाला मी अर्धी मान तुकवतो. अमेरिकन गायक जॉनी कॅश यांनी १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायलं. तो अल्बम जगभर गाजला. त्यातल्या खुनाच्या कबुलीच्या ओळीवर कैदी आरोळी ठोकतात, ती ऐकून अंगावर काटा येतो. ती आरोळी मागाहून जोडलेली आहे. प्रत्यक्षात कैदी त्या ओळीला गप्प होते. हे खरं आहे आणि ते चुकीचं झालं. पण यातून काय सिद्ध होतं? खोटं नाणं पाडतात ते किंमत असलेल्या नाण्याचंच. श्रोत्यांच्या दादेला मोल नसतं, तर ती चोरून कोणी जोडली असती का? शिवाय त्या दिवशीची ती शांतताच मला अधिक बोलकी वाटते. पहारेकरी उभे असताना माणसं जपून राहिली, हेच त्या दिवसाचं सत्य होतं. म्हणून बनावट दाद सापडली की लाइव्ह अल्बम टाकून देऊ नये, त्याच्याकडून अधिक प्रामाणिकपणा मागावा.

आक्षेपांना उत्तरं देऊन माझं काम संपत नाही. माझं म्हणणं मला ठामपणे मांडायचं आहे: गाणं गाणारा आणि ऐकणारा मिळून करतात, आणि ऐकणाऱ्याचा वाटा फक्त लाइव्ह ध्वनिमुद्रणातच टिकतो. अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. ते चौघे, तो रस्ता, ती पहिल्या तारखेची थंडी आणि एका मारल्या गेलेल्या कलावंताच्या आठवणीसाठी आलेली ती माणसं पुन्हा एकत्र येणार नाहीत. त्यांचं एकत्र असणं या अल्बममध्ये आहे.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातली एक कॅसेट आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात भजनी मंडळ बसलेलं असताना कोणीतरी पेटीशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून दिला होता. सुरुवातीला भात्याचा श्वास ऐकू येतो, मग ढोलक चढवतानाचे हातोडीचे ठोके. तिसऱ्या भजनात खंजेरीवाला लय वाढवतो आणि झीलकरी मागे पडतात. गर्दीतून एक म्हातारा ओरडतो, “जरा दमानं घे नं बाप्पा!” सगळे हसतात. खंजेरी थांबते. मग ध्रुपद पुन्हा उचललं जातं, आणि या वेळी मागे झीलकरी एकटे नसतात, अख्खं अंगण म्हणतं. बायकांचा आवाज पहिल्यांदा तिथे येतो. त्या म्हाताऱ्याने टोकलं नसतं तर तो आला नसता.

पुढे त्याच मंडळाने शहरातल्या एका स्टुडिओत जाऊन तीच भजनं ध्वनिमुद्रित केली. गायकाला काचेच्या खोलीत एकटं उभं केलं, कानाला हेडफोन लावले, ढोलकीच्या जागी यंत्राचा ठेका आला, खंजेरी मागाहून भरली. सीडी अगदी स्वच्छ निघाली. एकही चूक नाही. मी त्या गावी जातो तेव्हा ती सीडी कोणी लावत नाही. कॅसेट मात्र मोबाइलवर उतरवून घेतलेली आहे, आणि सप्ताहात ती वाजते तेव्हा पोरं म्हाताऱ्याच्या वाक्याची वाट बघत बसतात आणि त्याच्याबरोबर तेच वाक्य म्हणतात. तो म्हातारा आता नाही. त्याला गाता येत नव्हतं, तरी त्या भजनात तो आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या दिवाळीत दंडार होईल, थंडीत सप्ताह बसतील, भजनाच्या स्पर्धा लागतील. मंडळांनी स्टुडिओचे पैसे वाचवावेत. एक बरा मायक्रोफोन आणावा, तो गाणाऱ्यापासून थोडा दूर, अंगणातल्या माणसांचाही आवाज पकडेल असा ठेवावा, आणि सुरुवात होण्याआधीच चालू करावा, म्हणजे ढोलकाचे ठोकेही येतील. मध्ये कोणी टोकलं, हसलं, मुलाला हाक मारली, तरी ते राहू द्यावं. आज जी खंजेरी तुम्ही ऐकता ती वाजवणारा हात उद्या नसेल, आणि ज्या अंगणाने तिला साथ दिली ते अंगणही तसंच भरेल याचा भरवसा नाही. दोघांनाही एकत्र जपा. टाळ्या कापू नका.