नोटरीचा बाँड म्हणजे खरेदीखत नव्हे



‘पाचशेच्या बाँडवर नोटरी केली की घर आपलं’ हे मागील अंकातल्या पत्रलेखकाचे म्हणणे आमच्या शिरूर अनंतपाळसारख्या गावांत अनेकांना पटते, म्हणूनच त्याचा प्रतिवाद आवश्यक आहे.

नोटरी फक्त सही कोणाची, याची खातरजमा करते. मालकी देत नाही. नोंदणी कायदा, 1908 प्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते. मुखत्यारपत्र किंवा साठेखतानेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट केले आहे.

नगरपंचायतीचा कर आकारणी उतारा नावावर झाला, तरी तो केवळ करासाठी असतो. जुनी खरेदीखते, नोंदणीची सूची क्रमांक दोन, बँकेचा बोजा आणि चतुःसीमा खरेदीआधी तपासा. वाडा वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या घ्याच. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने अशा मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे.

मुद्रांक शुल्क वाचवण्याच्या नादात आयुष्याची कमाई कोर्टाच्या पायरीवर जाऊ नये, एवढीच कळकळ.

— एक वाचक, शिरूर अनंतपाळ, जि. लातूर