उद्यानात चार तास

सार्वजनिक उद्यान नेमके कशासाठी असते, याचा निर्णय महापालिकांनी फलकांच्या द्वारे केव्हाच देऊन टाकला आहे. हिरवळीवर बसू नये, फुले तोडू नयेत, खेळू नये. नागरिकाने चालावे आणि चालून झाले की घरी जावे. अशा उद्यानात पाच-सहा तरुण कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकारांचे फासे घेऊन झाडाखाली बसले, तर त्यांना कोणत्या कलमाखाली उठवावे, असा पेच रखवालदाराला पडेल. बहुधा तो आधी उठवील आणि कलम मागाहून शोधील.

हे फासे ‘रोल-प्लेइंग’ या नावाने जगभर रूढ झालेल्या खेळाचे. या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली सिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही. एकजण सूत्रधार होतो आणि अरण्य, किल्ला, वेशीवरचा पहारेकरी असा प्रसंग शब्दांनी उभा करतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. पहारेकऱ्याशी लढायचे, त्याला लाच द्यायची की गोड बोलून भुलवायचे, हे खेळाडू ठरवितो. बेत तडीस जातो की फसतो, हे वीस पैलूंचा फासा सांगतो. भातुकलीशी त्याचे नाते उघड आहे. मात्र येथे नियमांची जाडजूड पुस्तके असतात, आणि एकेक बैठक चार-चार तास चालते.

खरी मेख या चार तासांतच आहे. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या दोन खोल्यांच्या घरात सहाजणांना चार तास बसवायचे कोठे? मोठ्या शहरांतून अशा खेळांसाठी उपाहारगृहे निघाली आहेत, पण तेथे बसण्याचेच दाम मोजावे लागतात. राहता राहिले उद्यान. आणि तेही अनेक ठिकाणी भर दुपारी, म्हणजे नेमकी सावली हवी असते त्या वेळी, कुलूपबंद असते. ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांनी एकत्र बसू नये, असे कोणी ठरविलेले नाही. परंतु व्यवहारात तसेच झाले आहे.

उघड्यावर खेळण्यात अडचणी नाहीत असे नव्हे. वाऱ्याने कागद उडतात. गवतात पडलेला फासा सापडत नाही, आणि सापडला तर तो आकडा धरायचा की नाही यावरून तंटा होतो. फासा डब्याच्या झाकणात टाकावा आणि कागद पुठ्ठ्याला चिमट्याने लावावेत, एवढ्याने यातले बरेचसे निभावते. पावसाळ्याला मात्र इलाज नाही. पण बंद खोलीत नसलेला एक गुण मोकळ्या जागेत आहे: येणारा-जाणारा थांबून पाहू शकतो.

या गुणाचे मोल अमेरिकेच्या अनुभवावरून कळते. १९७९ मध्ये मिशिगन राज्यातील एका विद्यापीठातून सोळा वर्षांचा विद्यार्थी नाहीसा झाला. खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला असावा, हा तर्क वृत्तपत्रांनी घरोघर पोहोचविला. मुलगा सुमारे महिन्याने सापडला, त्याच्या जाण्याचे कारणही निराळेच निघाले. संशय मात्र मागे उरला. १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटनाच उभी राहिली आणि सैतानपूजेपर्यंतचे आरोप झाले. तळघरात, दार लावून मुले काय बोलतात हे मोठ्यांना ठाऊक नव्हते, म्हणूनच ही भीती एवढी पोसली गेली. वडाखाली बसून राक्षसाशी वाटाघाटी करणारी मुले पाहून शेजारच्या बाकावरील निवृत्त गृहस्थाला फार तर हसू येईल.

आपल्याकडचा संशय निराळा, द्यूताचा. महाभारत जाणणाऱ्या समाजाला तो शोभतोही. परंतु १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा रोख पैज लावण्यावर आहे. ज्या खेळात दमडीही लावली जात नाही त्याला जुगार म्हणता येणार नाही, आणि हे पोलीस शिपायाला समजावून सांगण्याची पाळी विद्यार्थ्यांवर येऊ नये. शिवाय उघड्यावर बसून खेळणे ही काही परदेशी टूम नव्हे. नाणेघाटाच्या कातळावर नवकंकरी, वाघबकरी यांचे पट कोरलेले आहेत. ते कोरणाऱ्यांनी कोणाची परवानगी घेतल्याचा उल्लेख तेथल्या प्रसिद्ध शिलालेखात नाही.

उद्यानात शांतता हवी, ही ज्येष्ठांची अपेक्षा रास्त आहे. पण डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतील एका उद्यानात मूठभर माणसांसह हास्यसंघ सुरू केला, आणि आता भल्या पहाटेच्या त्या सामुदायिक हास्याने कोणी दचकत नाही. फासे त्यामानाने पुष्कळच मुके.

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानात एक कोपरा बुद्धिबळाच्या टेबलांसाठी राखलेला आहे. आपल्याकडची बाके बहुधा रांगेने बसविलेली असतात. त्यांवर शेजारी बसता येते, समोरासमोर नाही. ती चार ठिकाणी वळवावीत, मधे दगडी टेबल बसवावे, दुपारचे कुलूप काढावे. आणि फलकावर ‘खेळू नये’ याच्या आधी ‘चेंडूने’ हा शब्द रंगवून घ्यावा.