चष्म्यातला पाणीमहाल

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर धरण बांधले गेले आणि धरणाच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल काढला गेला. नदी भरली की नर आणि मादी धबधबे कोसळतात आणि महालात उभा असलेला माणूस मात्र कोरडा राहतो. समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, हाताखाली गार ओलसर दगड. माणसाला एखाद्या अनुभवाच्या आत नेऊन उभे करण्याची ही चारशे वर्षांपूर्वीची कारागिरी आहे आणि ती आपल्या धाराशिव जिल्ह्यात आहे.

आता आपल्याला सांगितले जाते की इथवर येण्याची गरज उरणार नाही. डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा चढवला की नळदुर्ग, अजिंठा, मक्का, चंद्र, सगळे घरात. गावातल्या पोराला सहल नको, प्रयोगशाळा नको, एक हेडसेट पुरे. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. ‘नको’ आणि ‘पुरे’ या दोन शब्दांना आहे.

ही गोष्ट नवीही नाही. डोक्यावर चढवायचे पहिले यंत्र इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२१ मध्ये कंपनीचे नावच मेटा केले आणि आता माणसे मेटाव्हर्समध्ये राहतील, असे जाहीर केले. माणसे गेली नाहीत. एकट्या २०२४ या वर्षात मेटाच्या या विभागाला १७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. ॲपलने त्याच वर्षी ३,४९९ डॉलरचा चष्मा बाजारात आणला, म्हणजे जवळपास तीन लाख रुपये. ऊसतोडीला जाणारे जोडपे अख्ख्या हंगामासाठी जी उचल घेते, ती या एका चष्म्याच्या किमतीएवढी क्वचितच असते.

यंत्रे स्वस्त होतील, हे मान्य. मोबाइलही झाला. पण शाळांचे काय झाले ते पाहा. गुगलने पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा काढला, शाळांसाठी एक्सपिडिशन्स नावाचे आभासी सहलींचे ॲप दिले. जगभरातल्या शिक्षकांनी त्यावर धडे बेतले. २०२१ च्या जूनअखेरीस कंपनीने ते बंद केले. पुठ्ठे शाळेच्या कपाटात राहिले. एखाद्या कंपनीचा विचार बदलला म्हणून तेरचे संग्रहालय बंद पडत नाही. तिथल्या सातवाहनकालीन मूर्ती आणि मातीची भांडी कुठल्याही अपडेटची वाट पाहत नाहीत.

तेरचा विषय निघालाच आहे तर गोरोबाकाकांचे हे गाव. कुंभाराची माती कोणत्या चष्म्यातून कळणार? माती किती भिजली, चाकावर कधी बसली, मडके कच्चे की पक्के, हे बोटांना कळते. आजची यंत्रे डोळे आणि कान सांभाळतात. हाताला फार तर थरथर देतात. वजन, वास, चव, ऊब यांच्यासाठी बाजारात सांगण्याजोगे काही नाही. डोळ्यांचेही पुरते जमलेले नाही. आपली नजर डावी-उजवीकडे मिळून दोनशे अंशांच्या आसपासचे पाहते, चष्मा साधारण शंभर-एकशेदहा दाखवतो. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो, चित्र मात्र दूरचा डोंगर असल्याचे भासवते. मग डोळे वळतात एका अंतरासाठी आणि रोखले जातात दुसऱ्याच अंतरावर. डोळे सांगतात आपण चाललो आहोत, कानाच्या आतला तोल सांगतो आपण खुर्चीत आहोत. या भांडणातून मळमळ आणि डोकेदुखी येते. ती सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होते त्यांना ‘सवय होईल’ म्हणणे हा उपाय नव्हे.

यापेक्षा मोठा प्रश्न संहितेचा आहे. आभासी किल्ला कोणीतरी लिहितो. काय दिसेल, कोणता निवेदक बोलेल, कुठे थांबायचे, हे आधीच ठरलेले असते. परांड्याच्या किल्ल्यात मशीद आहे आणि तिचे खांब जुन्या देवळांच्या घडणीचे आहेत. मलिक-ए-मैदान तोफ विजापूरला जाण्याआधी याच किल्ल्यावर होती. त्या मशिदीत उभा राहणारा माणूस, हिंदू असो की मुसलमान, थोडा अस्वस्थ होतो आणि प्रश्न विचारतो. चष्म्यातल्या परांड्यात ते खांब गुळगुळीत करायला किंवा मशीदच गाळायला काही मिनिटे लागतील. पाणीमहालातला फारसी शिलालेख काढायला त्याहून कमी. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा पाट्या बदलल्या, पण दगड जागेवर राहिले. ज्या जगात दगडही कोणाच्या तरी मर्जीने काढला-घातला जातो, त्या जगात आपला इतिहास कोणाच्या हातात असेल, याचा विचार आपण केलेला नाही.

आपलीही या बाबतीत सुटका नाही. मुस्लीम तरुणांना कॉर्डोबा आणि ग्रॅनाडाच्या आभासी सफरींचे भारी आकर्षण. अंदलुसच्या आठवणीने डोळे पाणावतात. परांड्याची एसटी मात्र पकडली जात नाही. स्वतःच्या तालुक्यातली पडकी मशीद, तिच्याबद्दलचे कागद, दख्खनीत गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या, यांची नोंद करायला कोणी बसत नाही. आणि ही यंत्रे उद्या बोलू लागली तरी आमच्या घरातली दख्खनी त्यांना कळेल का? ‘नक्को’ म्हटले तर ते होकार समजतील.

इबादतीच्या बाबतीत तर वाद होऊन गेला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियात हजर-ए-अस्वदच्या आभासी दर्शनाचा उपक्रम सुरू झाला. चर्चा पेटली, तेव्हा तुर्कस्तानच्या दियानतने स्पष्ट केले की मेटाव्हर्समध्ये काबा पाहता येईल, पण तो हज होणार नाही. काहींना हा मागासलेपणा वाटला. खरे तर फिकहने हा प्रश्न रेडिओ आला तेव्हाच हाताळला होता. रेडिओवरच्या इमामामागे घरी नमाज होते का? एखाद-दुसऱ्या विद्वानाने होते म्हटले. बहुसंख्य उलेमांनी नाही म्हटले, कारण जमातीला जागा लागते, सफा जोडलेल्या लागतात, खांद्याला खांदा लागतो. २०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या, तेव्हा लोकांनी तरावीह घरीच पढली. मोबाइल समोर ठेवून इमाम केला नाही. हजर असणे म्हणजे काय, या प्रश्नावर कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांपेक्षा आपल्या मदरशांत जास्त बारकाईने विचार झाला आहे, असे म्हटले तर कोणाला राग येऊ नये.

या तंत्राला ‘सहवेदनेचे यंत्र’ म्हणण्याची एक फॅशनही येऊन गेली. २०१५ मध्ये जॉर्डनच्या झातारी छावणीतल्या एका सीरियन मुलीवरचा व्हीआर चित्रपट आला, तेव्हा हा शब्द गाजला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर जमीनदोस्त झाले, तेव्हा कोणाकडे असले यंत्र नव्हते. दगड हातांनी उपसावे लागले. उलट गाझाची दृश्ये ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक खिशातल्या फोनवर आहेत. दृश्य तीनशेसाठ अंशांत फिरले असते तर बॉम्ब थांबले असते, असे कोणी म्हणेल का?

उपयोग नाही असे नाही. वैमानिकाने आधी खोट्या विमानात चुका कराव्यात, शिकाऊ सर्जनने खोट्या पोटावर हात बसवावा, हे चांगलेच. हजच्या प्रशिक्षण शिबिरात जमरातची गर्दी एखाद्या वृद्ध आजीला आधी चष्म्यातून दाखवली तर तिथे गेल्यावर ती गोंधळणार नाही. या तिन्ही ठिकाणी चष्मा काढल्यावर खरे काम सुरू होते.

धाराशिव २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यात उद्या कोणी हेडसेटची योजना घेऊन आले, तर पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने आधी विचारावे: विज्ञानाचा शिक्षक नेमला का, परीक्षानळ्या आल्या का, कंपनीने सेवा बंद केली तर पैसे कोण परत देणार, निवेदन कोणी लिहिले आणि ते आम्हाला आधी वाचायला मिळेल का. मुलांच्या नजरेचा, हालचालींचा जो तपशील यंत्र टिपते, तो कुठे जातो, हेही विचारावे. धाराशिवहून नळदुर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. शालेय सहलीला एसटी सवलतीत मिळते. फक्त बोरीला पाणी आले की नाही, ते निघण्याआधी फोन करून विचारायचे.