यंत्रालाही गेटपास लागतो

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातील कंत्राटी कामगारांचा पगार तीन दिवस उशिरा झाला. हजेरी बरोबर होती, पैसे होते, पत्रकावर सहीही झाली होती. आम्ही पडलो कारकून, म्हणून सारे आमच्याच टेबलाशी आले. एका सफाई कामगार भगिनीने विचारले, "दादा, सही झाली ना? मग अडलं कुठं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, ते उत्तर शोधले तेव्हा जे समजले ते सांगतो.

आता पगाराचा संगणक बँकेच्या संगणकाशी परस्पर बोलतो. मध्ये एक दरवाजा असतो, त्याला 'एपीआय गेटवे' म्हणतात. माणूस आला तर पासवर्ड टाकतो, ओटीपी सांगतो. पण रात्री दोन वाजता यंत्राचा ओटीपी कोण सांगणार? म्हणून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओऑथ २.०' या नियमावलीत यंत्रांसाठी वेगळी रीत आहे. यंत्राला एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली देतात. गिरणीत टाइम ऑफिसात कार्ड दाखवून गेटपास घ्यावा, तसे यंत्र ही दोन्ही दाखवून 'टोकन' घेते. टोकनाची मुदत थोडी, बहुधा तासाभराची. म्हणजे ते चोरीला गेले तरी चोराला फार वेळ उपयोगी पडत नाही.

दरवाजावर चार गोष्टी तपासतात: टोकनावरची सही खरी आहे का, मुदत शिल्लक आहे का, ते याच दरवाजाचे आहे का आणि कोणत्या कामाची परवानगी आहे. ओळख पटली नाही तर ४०१ हा आकडा परत येतो. ओळख पटली, पण ते काम तुमचे नाही, तर ४०३.

आमच्याकडे ४०१ येत होता. किल्लीची मुदत एका वर्षाची होती, ती संपली. तारीख कुठल्याही वहीत नव्हती. शिवाय हजेरी आणि पगार, दोन्ही यंत्रांना एकच किल्ली आणि तीही प्रोग्रामातच लिहिलेली! खापर मात्र फुटले ते यंत्रणा बसवून, कंत्राट संपल्यावर निघून गेलेल्या पोरावर. त्याला तारीख लिहून ठेवायला कुणी सांगितले होते? वही ठेवणे हे कार्यालयाचे काम. त्यात आम्हीही आलोच.

संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली द्यावी. ती प्रोग्रामात न लिहिता सुरक्षित तिजोरीत ठेवावी. हजेरीच्या यंत्राला पैसे पाठवण्याची परवानगी देऊ नये. जुनी किल्ली संपण्याआधी नवी चालू करावी, काही दिवस दोन्ही चालू द्याव्यात, मगच जुनी बंद करावी. आणि संपण्याची तारीख दोन माणसांच्या नावाने नोंदवावी.

आम्ही आता तशी वही घातली आहे. त्या भगिनीलाही सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे यंत्राचा पास संपला आणि चूल आमची थांबली."

याहून नेमके आम्हाला सांगता आले नसते.