आधी बैठक, मग वादन

दिवाळीनंतर इंदूरला बहिणीकडे जाणं झालं. पोहे-जिलबी, रात्रीचा सराफा, सगळं यथासांग पार पडलं. पण लक्षात राहिला तो भाच्याचा ड्रमसेट. पोरगा सतरा वर्षांचा. अर्धा तास वाजवलं की खांदा धरून बसायचा. "मामा, मला नाही जमणार. विकून टाकतो," म्हणाला.

मी काही ड्रमर नव्हे. गणपतीच्या आरत्यांना घुमट वाजवणारा माणूस. तरी पाहताक्षणी खटकलं. झांजा डोक्याच्याही वर टांगलेल्या. दोन्ही टॉम इतके तिरके, की काठीचं टोक पडद्यात रुतत होतं. का, तर व्हिडिओतला कुणी सहाफुटी गोरा तसं लावतो म्हणून!

आमच्याकडे घुमटाची दोरी ज्याच्या त्याच्या पोटाप्रमाणे बांधतात. उंच माणसाची गाठ ठेंगण्याला चालत नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा-वाद्य ठरवलं; ही दोरीची अक्कलही त्याच वारशातली. आणि इंदूर तर होळकर दरबारचे पखवाजी नाना पानसे यांचं गाव. पखवाज काय, तबला काय, आपल्याकडे बैठक जमल्याशिवाय बोल सुरू होत नाही.

ड्रमसेटही मुळात सोयीसाठीच जन्मला. पूर्वी मोठा ढोल, छोटा ढोल, झांजा यांना वेगवेगळी माणसं लागत. १९०९ मध्ये लुडविग यांनी वेगवान पायपट्टी काढली आणि एका माणसाला सगळं बसून वाजवणं सोपं झालं. म्हणजे वाद्यं माणसाभोवती मांडायची. माणसाने वाद्यांभोवती वाकायचं नाही.

आम्ही सेट सोडवला. आधी स्टूल : मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या. मग स्नेअर, बेंबीच्या जरा खाली. टॉम जवळ ओढून जेमतेम कलते केले, म्हणजे काठी आडवी पडते. डोळे मिटून हात सहज जाईल तिथे झांजा, खांद्याच्या खाली, थोड्या आपल्याकडे झुकलेल्या. वरचा स्क्रूही सैल केला. आवळलेली झांज डुलत नाही, आणि डुलली नाही की तडकते. शेवटी सतरंजीवर स्टँडच्या पायांशी चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

आपल्याकडे सोय म्हणजे आळस अशी समजूत आहे. सोसल्याशिवाय कला येत नाही म्हणे. मला हे पटत नाही. रियाजाचे कष्ट वेगळे आणि चुकीच्या मांडणीचा त्रास वेगळा. दुसऱ्याला तपश्चर्या समजून किती मुलांनी वाद्यं माळ्यावर टाकली असतील! मुलाला अंग नाही म्हणण्याआधी त्याचं स्टूल तरी पाहावं.

निघायच्या दिवशी भाचा तासभर वाजवत होता. खांद्याला हात गेला नाही. विकण्याची गोष्टही निघाली नाही. शेजाऱ्यांचं काय ते बहीण बघून घेईल!