विश्लेषण : राउटर वाढवले, तरी शेवटच्या खांबावर नेट का रखडते?

केबल न पोहोचलेल्या गावात इंटरनेट न्यायचे असेल, तर एका खांबावरचे वायफाय उपकरण दुसऱ्याला डेटा देते, दुसरे तिसऱ्याला. हे मल्टी-हॉप नेटवर्क. टोकाला वेग मिळाला नाही की आणखी एक राउटर लावला जातो. पण दुखणे बहुतेक वेळा राउटरच्या संख्येत नसते, बोलण्याच्या पाळीत असते.

गोंधळ कुठे होतो?

वायफायचा नियम साधा आहे : आधी ऐका, शांतता असेल तर बोला. एका खोलीत हे छान चालते. खांबांच्या रांगेत मात्र पहिल्याला तिसऱ्याचा आवाजच येत नाही. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही एकदम पाठवतात आणि मधल्याला दोघांचेही काही कळत नाही. ही ‘हिडन टर्मिनल’ची अडचण १९७०च्या दशकापासून माहीत आहे.

त्याची किंमत केवढी? २००१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी लांब साखळीचा हिशेब मांडला. पाळ्या अचूक लागल्या, तर एका लिंकच्या क्षमतेचा १/४ भाग टोकापर्यंत पोहोचू शकतो. नेहमीच्या वायफाय नियमाने सिम्युलेशनमध्ये सुमारे १/७च मिळाला. कारण मोठे मजेशीर आहे. साखळीच्या सुरुवातीच्या उपकरणाला शेजारी कमी, म्हणून बोलायची संधी जास्त. ते पुढच्यांना झेपणार नाही इतका डेटा ढकलते आणि तो वाटेतच टाकून द्यावा लागतो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने पाणी ओढून घ्यावे आणि तेही वाया घालवावे, तसे!

पाळी आधी, टॉवर नंतर

उपाय म्हणजे वेळेचे तुकडे पाडून कोणत्या लिंकने कधी बोलायचे हे आधीच ठरवणे. एकमेकांना अडथळा न करणाऱ्या लिंक एकाच तुकड्यात बोलू शकतात. सर्वोत्तम वेळापत्रक शोधणे मोठ्या नेटवर्कमध्ये संगणकालाही जड जाते, शिवाय सगळ्यांची घड्याळे जुळावी लागतात. पण चांगले वेळापत्रकही पुरते.

त्याचा पुरावा भारतातलाच आहे. आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये गावांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या वायफायसाठी ‘टू-पी’ ही पद्धत मांडली. एका टॉवरवरचे सगळे अँटेना एकदम पाठवतात, मग सगळे एकदम ऐकतात. शेजारच्या टॉवरवर नेमके उलटे. उपकरणे बाजारात मिळणारीच. एक अट आहे : टॉवरची जोडणी अशी हवी की ही अदलाबदल कुठेही अडू नये. तीन टॉवरचा त्रिकोण झाला की गणित फसते. म्हणजे टॉवर कसे जोडायचे, हे पाळीवरून ठरते.

म्हणूनच गावाच्या नेटवर्कचे काम स्वीकारताना राउटर मोजून भागणार नाही. संध्याकाळी सगळे ऑनलाइन असताना शेवटच्या खांबाखाली उभे राहून वेग मोजला पाहिजे आणि ठेकेदाराचे बिल त्या आकड्यावर निघाले पाहिजे.